खालचा कप्पा

लोक दिवाळीच्या आधी कपाटं आवरतात. आमच्या घरात २०१९ पासून ती मिरगाच्या आधी आवरायची असा नियम झालाय. ७-८ जूनला मृग नक्षत्र लागलं की सांगलीकराचं अर्धं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं असतं. तिथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे आमच्या गावभागात पाढ्यांसारखे पाठ असतात. तेव्हा काय आवराआवर करायची ती मे संपायच्या आत. शिवाय एकदा पाऊस लागला की रेशमाच्या घड्या मोडायला कपाट उघडण्यात अर्थ नसतो. सुकायला ऊन नाही आणि हवेतली ओल मात्र घडीत जाऊन बसते.

मी ब्लाउज शिवते. बत्तीस वर्षं झाली. दुकान वगैरे नाही, पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन आहे आणि भिंतीला खिळ्यांवर गिऱ्हाइकांच्या पिशव्या. कपाट मधल्या खोलीत. साडेसहा फूट उंच, पाच कप्पे, आत तिजोरी, डाव्या दाराला आरसा. १९९१ ला लग्नात वडिलांनी इथल्याच एका कारागिराकडनं करून दिलेलं आहे, पण घरात सगळे त्याला ‘गोदरेज’ म्हणतात. कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसंच.

या वर्षी मी ठरवलं की वरवर पुसून परत घड्या घालायच्या नाहीत, सगळं खाली घ्यायचं. सकाळी सातला सुरुवात केली. दहा वाजेपर्यंत कॉट दिसेना. मापाच्या वहीत मागच्या पानावर हिशेब मांडला: साड्या ६४, ब्लाउज ७१, न शिवलेले ब्लाउजपीस ४३, परकर १९, ह्यांचे शर्ट २६, पँटी १२, सफारी ३. ह्यांनी वहीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, “पुरात सगळं गेलं म्हणत होतीस ना?”

गेलंच होतं. ते कसं गेलं आणि हे कुठनं आलं, ते सांगते.

२०१९ साली ५ ऑगस्टला नागपंचमी होती. पाणी दोन दिवस चढत होतं, पण बोळातले जुनेजाणते सांगत होते, २००५ ला पाणी पाणंदीतल्या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्यावर येत नाही. सगळ्यांनी २००५ चं माप धरलं. मीसुद्धा धरलं. खालची भांडी कट्ट्यावर ठेवली, गाद्या कॉटवर चढवल्या आणि गिऱ्हाइकांच्या अकरा पिशव्या माळ्यावर टाकल्या. त्यात एकीची येवल्याची पैठणी होती, फॉल लावायला आलेली. दुसऱ्याची पैठणी भिजली तर आयुष्यभर ब्लाउज शिवून फिटणार नाही, हे एवढंच डोक्यात. माझं स्वतःचं कपाट मी कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून तसंच सोडलं. किल्ली लावली की पाणी आत जात नाही असं वाटलं असावं! रात्री पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आम्ही विश्रामबागेत जाऊबाईंकडं गेलो, ते नऊ दिवस तिथंच.

पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरात किती होतं ते परत आल्यावर भिंतीवरच्या रेघेनं सांगितलं. माझ्या डोक्याच्या वर चार बोटं.

कपाटाचं कुलूप गाळानं धरलं होतं. किल्लीवाला मिळेना, सगळ्या गावाची कुलपं धरलेली. ह्यांनी पहारीनं दार उचकटलं. वास कसला होता ते लिहीत नाही. कपाट लावायची माझी रीत सासूबाईंनी शिकवलेली, जड ते खाली आणि हलकं ते वर. त्या हिशेबानं तळाच्या कप्प्यात लग्नातला शालू, त्याच्यावर दोन नारायणपेठ, मग इरकली, मग रोजच्या. आणि सगळ्यात वरच्या, पाचव्या कप्प्यात? तिथं हात पुरत नाही म्हणून मी नको असलेलं कोंबत होते. बोहारणीला द्यायच्या म्हणून वर्षभर बाजूला काढलेल्या नऊ साड्या. रंग विटलेल्या, एकीला इस्त्रीचा डाग, एक तर चक्क सरबत सांडलेली.

त्या नऊच्या नऊ कोरड्या.

शालू सहा-सात पाण्यातनं काढला. गाळ लागलेलं रेशीम पिळायचं नसतं. पसरट घमेल्यात गार पाणी घ्यायचं, बुडवून तळहातानं दाबायचं, पाणी बदलायचं, आणि सावलीत आडवं वाळवायचं. दोरीवर टाकलं तर ओल्या जरीच्या ओझ्यानंच कापड तुटतं. एवढं करूनही इरकलीच्या लाल पदराचा रंग त्यात उतरलेला गेला नाही आणि जर काळी पडली ती पडलीच. महिन्याभरानं घडी उलगडली तर घडीच्या रेघेवरच फाटला. मी तो पुरणपोळीच्या फडक्यासारखा चौकोनी घडी करून परत ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही.

आता ६४ कुठनं आल्या. त्या साली राखीपौर्णिमा आणि १५ ऑगस्ट एकाच दिवशी होते. आम्ही घरातला गाळ काढत होतो. भाऊ मिरजेहून फावडं आणि साडी, दोन्ही घेऊन आला. मी राखी बांधली ती हाताला कोपरापर्यंत चिखल असताना. ती पहिली साडी. मग गणपतीत नणंदेनं दिली. नवरात्रात मावशीनं ओटी भरली ती साडीनं. दिवाळीला पुण्याहून लेकीच्या सासूबाईंनी दोन पाठवल्या. लग्नाकार्यात मला ब्लाउजपीस द्यायच्या त्या बायका आता साडी द्यायला लागल्या, “तुमचं सगळं गेलं ना हो” असं म्हणत. दीड-दोन वर्षांत मोजल्या तर चाळीस झाल्या होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा मी शहाणी झाले होते, सगळं माळ्यावर गेलं, एक धागा भिजला नाही. पण पूर आला म्हटल्यावर साड्या परत आल्याच.

तर माझ्या कपाटात अडगळ म्हणून जे साठलंय ते हौसेचं नाही, लोकांच्या कळवळ्याचं आहे. घरात मी त्यांना ‘पूरग्रस्त’ म्हणते. बहुतेक सिंथेटिक, बहुतेक मोरपंखी नाहीतर गुलाबी, कारण देणाऱ्याला वाटतं हा रंग सगळ्यांना शोभतो. नेसवत नाहीत. टाकवत त्याहून नाहीत. दिवाळीत खरेदी केलेली आणि नंतर न आवडलेली साडी काढून टाकणं सोपं असतं, चूक आपली असते. ही काढताना मात्र भावाच्या हातातलं फावडं दिसतं.

त्यात दुसरी एक गोष्ट आहे, ती जास्त टोचते. पुरानंतर आमच्या चौकात मदतीचे ट्रक यायचे. तांदूळ, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्या, सगळं लागत होतं आणि देणाऱ्यांचे उपकार आहेत. पण कपड्यांची पोती उघडली की कळायचं, कुणीतरी लांबच्या गावात आपलं कपाट आवरलंय आणि ते आमच्या चौकात येऊन पडलंय. चेन तुटलेल्या पँटी. एकेकटे मोजे. बाळाची लाळेरी. बिनहुकांचे ब्लाउज, बत्तीस मापाचे, ते शेतावर जाणाऱ्या बायकांच्या दंडात शिरणार तरी कसे? एक झगझगीत घागरा होता, तो दोन दिवस विजेच्या खांबाला अडकून होता. पाऊस लागला, पोती भिजली, शेवटी ते सगळं आमच्याच गाद्यांबरोबर पालिकेच्या डंपरमध्ये गेलं. पुरात बुडालेल्या गावाला आणखी कचरा उचलावा लागला.

म्हणून “नको ते देऊन टाक” असं कुणी सहज म्हटलं की मी थबकते. देऊन टाकणं या शब्दातला ‘टाकणं’ मला ऐकू येतो.

या मेमध्ये मी एकच प्रश्न धरून बसले. आज रात्री पाणी आलं तर ही साडी माळ्यावर नेणार का? आमचा माळा लहान आहे. गिऱ्हाइकांचं सामान, कागदपत्रांचं पिंप, धान्याचे दोन डबे आणि मग उरलेल्या जागेत कपड्यांच्या दोन बोचक्यांपुरतं बसतं. म्हणजे वीसेक साड्या. या वीस कुठल्या, ते ठरवायला मला वाटलं तासभर लागेल. दहा मिनिटं लागली. हात आपोआप त्याच त्याच साड्यांवर जात होता. भावाची ती पहिली साडी त्यात आहे. ती सुद्धा मोरपंखीच आहे, सांगायला नको.

मग राहिल्या ४४. त्यांना दुसरा प्रश्न: हिच्यावरचा ब्लाउज मला होतो का? हा प्रश्न माझ्या धंद्यातला. बाई म्हणते साडी जुनी झाली, खरं म्हणजे ब्लाउज लहान झालेला असतो. ७१ ब्लाउज उलटे करून बघितले. मी माझ्या स्वतःच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच दाब सोडते. उसवलेल्या शिवणीची भोकं कापडावर राहतात, त्यामुळं आतली बाजू वाचता येते. पहिली रेघ लग्नानंतरची, चौतीस. दुसरी लेक झाल्यावरची. तिसरी थायरॉइडची. एका हिरव्या खणाच्या ब्लाउजला चार रेघा आहेत आणि पाचवीला जागा नाही. तो ठेवला नाही, पण त्याचे हुक आणि बाह्यांचे काठ काढून घेतले. हल्लीच्या तयार कुर्त्यांना दाब म्हणून बोटभरही सोडत नाहीत, एक किलो वजन वाढलं की कुर्ता गेला. कपाटं भरतात त्याचं मला तरी हे मोठं कारण वाटतं. ३३ ब्लाउज असे निघाले की ज्यात पुढच्या जन्मीच मावेन.

ब्लाउजपिसांबद्दल थोडं बोलू द्या, ही माझी जुनी तक्रार आहे. ओटीत जो पीस मिळतो तो ७०-७५ सेंटिमीटर निघतो. बेचाळीस मापाच्या बाईला कोपरापर्यंत बाही हवी असेल तर मीटरभर कापड लागतं. म्हणजे ज्या बायकांना हा पीस मिळतो त्यातल्या निम्म्यांना तो शिवताच येत नाही. मग तो पुढच्या ओटीत जातो, तिथून पुढच्या. ४३ पैकी सात सुती निघाले, ते अस्तराला ठेवले. बाकीचे पॉलिस्टर, त्यांच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या, भाजी आणायच्या. सहा पीस राहिलेत, ते श्रावणात मीही ओटीतच देणार आहे. तक्रार केली म्हणून काय झालं.

सासूबाईंच्या इरकलीवर मात्र अर्धा दिवस गेला. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. इरकलीचं अंग सुती असतं आणि पदर रेशमी, लाल, त्यावर पांढरे देवळाच्या कळसासारखे टोप. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असतात, मागावरच एकमेकांत फासे अडकवून जोडलेले. टोपे-तेनी म्हणतात त्याला. सुती अंग नेसून-धुऊन विरतं आणि पदर मात्र तसाच राहतो. आमच्या इरकलीचं अंग पुरानं नेलं. पदर राहिला, थोडा फिका झाला एवढंच. जाऊबाईंनी गेल्या वर्षी अर्धा मागितला. मी म्हटलं, देते, पण कापणार कुठनं? कळस मधोमध कापू? त्यांनाही ते पटेना. शेवटी असं ठरलं की एक वर्ष पदर माझ्याकडं, एक वर्ष विश्रामबागेत. जोडाच्या बाजूनं मी आत मलमलची पट्टी लावून दुहेरी टीप मारलीय, उसवू नये म्हणून. या मिरगाला तो तिकडं जायचाय. पावसाळ्यात तो तिकडंच बरा, हे बोलायची गरज दोघींनाही पडली नाही.

विरलेली सुती लुगडी आणि जुन्या साड्या वाकळीला गेल्या. आमच्या इथं गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळ शिवणाऱ्या मावशी शिराळ्याकडनं येतात, कडेनं धावदोरा सुरू करून गोल गोल आत येत जातात. त्या सिंथेटिकला हात लावत नाहीत. सुई सरकते, ऊब धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीन साड्यांत एक वाकळ झाली.

राहिली बोहारीण. ती अजून येते, महिन्यातनं एकदा, डोक्यावर बोचकं आणि हातात स्टीलच्या भांड्यांची टोपली. मी नऊ साड्या, ह्यांच्या दोन पँटी, दोन सफाऱ्या आणि पूरग्रस्तांतल्या पाच नव्या साड्या काढून ठेवल्या होत्या. ती प्रत्येक साडी दोन मुठींत ताणून उजेडाकडं धरते, विरलेली असेल तर तिथंच कळतं. नव्या साड्या हातात घेतल्यावर थांबली. घडी मोडलेली नाही, लेबल तसंच. “नवी का काढता वहिनी? काही डाग आहे का?” मी सांगितलं, पुरानंतर लोकांनी दिलेल्या आहेत, नेसवत नाहीत. ती म्हणाली, “आमच्यात पण आलं होतं की पाणी. आम्हाला नवी कुणी दिली नाही. फरशी पुसायच्या मालाचं मात्र पोतं दिलं.” आणि दोरा तोडावा तसा विषय तोडून म्हणाली, “पातेलं घ्या, पाच लिटरचं.”

त्या पाच साड्या मी हिशेबातनं बाजूला काढल्या आणि तिला म्हटलं, या तू नेस, विकायच्या नाहीत. तिनं त्या वेगळ्या फडक्यात बांधल्या. नेसेल किंवा विकेल, तिचा प्रश्न. पातेल्यावरच्या झाकणासाठी मात्र मी अर्धा तास भांडले, आणि मिळवलं.

आता कपाट असं लागलंय. खाली चार कडाप्प्याचे तुकडे देऊन ते सहा इंच उचललंय, तो पुरानंतरचा शहाणपणा. पाचव्या कप्प्यात, जिथं नको ते कोंबत होते तिथं, आता गिऱ्हाइकांच्या पैठण्या आणि माझ्या दोन-चार रेशमी. प्रत्येक साडी सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. प्लास्टिकच्या पिशवीत रेशीम ठेवू नका, आत घाम धरतं. डांबरगोळ्या मी घालत नाही, वास जात नाही आणि जरीलगत तर मुळीच ठेवू नये. वेखंडाचे तुकडे आणि लवंगा फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवते. घड्या वर्षातनं दोनदा मोडायच्या, दसऱ्याला आणि आत्ता, आणि परत घालताना जुन्या रेघेवर घालायच्या नाहीत. जरीच्या साड्या हँगरला लटकवायच्या नाहीत, काठाच्या वजनानं मधलं कापड ताणतं. चौथ्यात वीसपैकी बाकीच्या. तिसऱ्यात रोजच्या, ब्लाउज त्याच साडीच्या घडीत घालून, म्हणजे सकाळी शोधाशोध नको. दुसऱ्यात परकर, टॉवेल, चादरी. साड्या सगळ्या मिळून ३८.

फाटका शालू पाचव्यातच आहे. माळ्यावर नेणार का, या प्रश्नाला त्याचं उत्तर ‘नाही’ असं यायला हवं. येत नाही.

आणि खालचा कप्पा मी मुद्दाम रिकामा ठेवला. पाणी आलं तर पहिलं तिथं येतं, तेव्हा तिथं काहीही ठेवायचं नाही, हे मी घरात दोनदा मोठ्यानं सांगितलं. ह्यांनी मान डोलावली. त्यांच्या तीन सफाऱ्यांपैकी दोन बोहारणीच्या ढिगात होत्या, एक राखाडी आणि एक तपकिरी, १९९५ च्या आसपासच्या. त्या दिवशी तिनं दोन्ही पँटी घेतल्या, सफारी बघितल्यासुद्धा नाहीत, असं मला नंतर ह्यांनी सांगितलं. मी तेव्हा झाकणासाठी आत-बाहेर करत होते, मलाही आठवेना.

काल फरशी पुसताना कपाटाचं दार जरा उघडं दिसलं. खालच्या कप्प्यात दोन्ही सफाऱ्या होत्या, व्यवस्थित घडी घालून, माझ्याच वेखंडाची एक पुरचुंडी वर ठेवलेली. मी दार लावून घेतलं. राहू देत. यंदा पाणी आलंच तर पहिल्यांदा कुणाचं भिजतं ते तरी दिसेल.